जेम्स फॉर्सिथ

कॅप्टन जेम्स फॉर्सिथ (जन्म : इ.स. १८३८; मृत्यू : १ मे १८७१, लंडन) हे ब्रिटिश भारतातील एक सैनिकी अधिकारी, वनाधिकारी, जमाबंदी अधिकारी, शिकारी आणि लेखक होते. बंगाल स्टाफ कोअरमध्ये असलेल्या फॉर्सिथ यांची बहुतेक कारकीर्द नव्याने स्थापन झालेल्या मध्य प्रांतात गेली. सातपुडा व मैकल या डोंगररांगांतील वने, वन्यप्राणी आणि गोंड, कोरकू, बैगा इत्यादी जमाती यांचे वर्णन करणारा 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर इ.स. १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी त्यांनी लिहिलेले 'द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स' हे पुस्तक शिकारी रायफलीची निवड, नळीतील पीळ, गोळीचा आकार, दारूचा भार आणि नेम यांविषयीचे एकोणिसाव्या शतकातील एक महत्त्वाचे पुस्तक मानले जाते. ठासणीच्या बंदुकांच्या अभ्यासकांमध्ये अतिशय मंद पिळाच्या नळीला आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

ज्या वनधोरणाची पायाभरणी फॉर्सिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, ते धोरण मध्य प्रांताचाच भाग असलेल्या चांदा जिल्ह्यालाही, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांनाही लागू झाले. त्यामुळे विदर्भाच्या वनेतिहासात त्यांच्या कार्याला स्थान आहे.

नामसाम्य

बंदुकीच्या इतिहासात फॉर्सिथ हे आडनाव दोन व्यक्तींमुळे येते. आघाताने पेटणाऱ्या स्फोटक चापाचा शोध लावणारे स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर जॉन फॉर्सिथ (१७६८–१८४३) हे वेगळे. यारकंदला गेलेल्या ब्रिटिश शिष्टमंडळांचे प्रमुख सर थॉमस डग्लस फॉर्सिथ हेही वेगळे. प्रस्तुत लेख मध्य प्रांतातील कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांच्याविषयी आहे.

पार्श्वभूमी

नागपूरचे तिसरे रघूजी भोसले यांचे डिसेंबर १८५३ मध्ये निधन झाले. त्यांना औरस पुत्र नसल्याचे कारण पुढे करून ईस्ट इंडिया कंपनीने इ.स. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. इ.स. १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे यांनी नर्मदा ओलांडून सातपुड्यातून मार्ग काढला. त्या मोहिमेत या डोंगराळ मुलखाविषयी आपल्याला किती कमी माहिती आहे, हे ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या लक्षात आले. २ नोव्हेंबर १८६१ रोजी नागपूरचा प्रांत आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांत स्थापन करण्यात आला. नागपूर ही त्याची राजधानी झाली. इ.स. १८६२ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांच्याकडे मुख्य आयुक्तपदाची सूत्रे आली.

याच सुमारास लोहमार्गांची बांधणी वेगाने सुरू होती. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग आणि अलाहाबादकडून येणारा ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग जबलपूर येथे जोडला जावयाचा होता. ही जोडणी इ.स. १८७० मध्ये पूर्ण झाली. रुळांखालच्या स्लीपरांसाठी साग व साल यांची प्रचंड प्रमाणात तोड होऊ लागली. ठेकेदार झाडे पाडीत, त्यांतील निवडक ओंडके नेत आणि उरलेले लाकूड जंगलातच कुजत राही. ही लूट थांबवून वनांची मोजदाद करणे आणि त्यांच्या सीमा ठरवणे हे नव्या प्रशासनापुढील तातडीचे काम होते. मध्य प्रांताच्या वनविभागाची धुरा कॅप्टन जी. एफ. पिअर्सन यांच्याकडे होती. फॉर्सिथ हे त्यांचे साहाय्यक म्हणून या विभागात आले.

सुरुवातीचे जीवन आणि नेमणूक

फॉर्सिथ यांचे उच्च शिक्षण इंग्लंडमध्ये झाले आणि त्यांनी एम. ए. ही पदवी मिळवली. तरुण वयातच ते भारतात आले. वनविभागात साहाय्यक वनसंरक्षक व काही काळ प्रभारी वनसंरक्षक म्हणून त्यांनी काम पाहिले. इ.स. १८६२ ते १८६४ या काळात त्यांनी मध्य प्रांतातील डोंगराळ भागाचा सलग दौरा केला. नर्मदेचे खोरे, महादेव डोंगर, बैतूल, मंडला आणि नर्मदा व शोण या नद्यांच्या उगमाजवळील अमरकंटक हे प्रदेश त्यांनी पायी, घोड्यावर व हत्तीवरून पालथे घातले. पावसाळा संपल्यावर निघावे, हिवाळा व उन्हाळा तंबूत काढावा आणि पहिला पाऊस पडताच ठाण्यावर परतावे, असा त्या काळातील वनाधिकाऱ्याचा वार्षिक क्रम असे.

पंचमढी

फॉर्सिथ यांनी इ.स. १८६२ च्या आरंभी महादेव डोंगरावरील पंचमढीच्या पठाराची पाहणी केली. समुद्रसपाटीपासून सुमारे १,०६७ मीटर उंचीवर असलेले हे पठार थंड हवेचे ठिकाण व वनविभागाचे केंद्र म्हणून योग्य आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. तेथे त्यांनी एक बंगला बांधला. परिसरात आढळणाऱ्या गव्यांवरून त्याला 'बायसन लॉज' असे नाव मिळाले. ही पंचमढीतील सर्वांत जुनी ब्रिटिशकालीन वास्तू असून पुढे तेथे वनविभागाचे संग्रहालय झाले.

अनेक पुस्तकांत फॉर्सिथ यांना पंचमढीचे शोधक म्हटले जाते. हे विशेषण मर्यादित अर्थानेच खरे आहे. पठारावर कोरकू ठाकुराची सत्ता होती आणि आसपास कोरकू व गोंडांची वस्ती होती. शिवाय महादेवाच्या यात्रेसाठी नागपूर, वऱ्हाड व नर्मदाखोऱ्यातील भाविक पिढ्यान्‌पिढ्या हा डोंगर चढत आले होते. विदर्भातून महादेवाला जाण्याची ही परंपरा आजही चालू आहे. फॉर्सिथ यांनी स्वतःही या वस्तीचे व यात्रेचे सविस्तर वर्णन केले आहे.

निसर्गनिरीक्षणे

फॉर्सिथ यांच्या ग्रंथाचे शास्त्रीय मूल्य प्रामुख्याने वनस्पती व प्राणी यांच्या प्रादेशिक विभागणीसंबंधीच्या निरीक्षणांत आहे. मध्य भारतात पश्चिमेकडे सागाची व पूर्वेकडे सालाची वने आहेत आणि या दोन वनप्रकारांबरोबर काही प्राणीही बदलतात, हे त्यांनी नोंदवले. सालवनांच्या बाजूला बारशिंगा व लाल रानकोंबडा आढळतो, तर सागवनांच्या बाजूला राखी रानकोंबडा आढळतो. पंचमढीच्या पायथ्याशी देनवा नदीच्या खोऱ्यात सालाचा एक तुटक पट्टा मुख्य सालवनापासून दूर पश्चिमेला आहे. तेथेही बारशिंगा व लाल रानकोंबडा आढळल्याची त्यांची नोंद पुढील प्राणिभूगोलात वारंवार चर्चिली गेली.

रानम्हैस ही प्रांताच्या पूर्व व आग्नेय भागांतील जंगलांत राहते, असेही त्यांनी लिहिले. एकेकाळी विस्तृत असलेल्या या क्षेत्रापैकी महाराष्ट्रात आज गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडील कोलामार्का हाच रानम्हशींचा अधिवास उरला आहे. त्याला इ.स. २०१३ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यात आला.

वाघ, गवा, सांबर, अस्वल यांच्या सवयी, पाणवठे, ऋतुमानाप्रमाणे होणारे स्थलांतर आणि मागावरून जनावर ओळखण्याची रीत यांची त्यांनी बारकाईने माहिती दिली आहे. या माहितीचा मोठा भाग गोंड व कोरकू माग काढणाऱ्यांकडून मिळालेला होता. बैतूल भागात एका नरभक्षक वाघाचा त्यांनी केलेला पाठलाग हे ग्रंथातील प्रसिद्ध प्रकरण आहे. त्या वाघामुळे गावे ओस पडली होती व रस्ते बंद झाले होते.

रायफलविषयक लेखन

'द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स' हे पुस्तक इ.स. १८६३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. त्या वेळी फॉर्सिथ लेफ्टनंट होते आणि त्यांचे वय पंचविशीच्या आसपास होते. पुस्तकाची दुसरी आवृत्ती इ.स. १८६७ मध्ये निघाली.

पुस्तकाचा मूळ प्रश्न व्यावहारिक आहे. भारतातील जंगलात शिकार बहुधा जवळच्या अंतरावर, दाट झाडीत आणि क्षणभरच दिसते. वाघ किंवा गवा जखमी होऊन निसटला, तर माग काढणाऱ्या माणसांचा जीव धोक्यात येतो. म्हणून अशा ठिकाणी कोणती रायफल योग्य, हा प्रश्न होता. त्या काळातील सैनिकी रायफली दूरच्या निशाणासाठी बनवल्या जात. त्यांची गोळी लांबट असे व नळीतील पीळ जलद असे. दूर अंतरावर त्या अचूक होत्या. परंतु त्यांची गोळी तुलनेने मंद गतीने सुटे आणि हवेत मोठी कमान करून जाई. अंतराचा अंदाज थोडा चुकला, तरी ती जनावराच्या वरून किंवा खालून निघून जाई.

पीळ, गोळी आणि दारूचा भार

रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात. त्यांमुळे गोळीला फिरकी मिळते व ती सरळ जाते. नळीच्या किती लांबीत एक पूर्ण वेढा होतो, यावरून पीळ जलद की मंद हे ठरते. पीळ जलद असताना दारूचा भार वाढवला, तर शिशाची गोल गोळी खाचांना धरून राहत नाही. ती खाचा तोडून सरळ पुढे घसरते आणि नेम बिघडतो. म्हणून जलद पिळाच्या नळीत भार कमी ठेवावा लागे आणि भार कमी म्हणून गती कमी राही.

फॉर्सिथ यांनी हा पेच उलट्या बाजूने सोडवला. गोल गोळी स्थिर ठेवण्यासाठी फारच थोडी फिरकी पुरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यानुसार त्यांनी मोठ्या व्यासाच्या नळीसाठी १०४ इंचांत, म्हणजे सुमारे २.६४ मीटरमध्ये, एक वेढा इतका मंद पीळ सुचवला. त्या काळातील एनफिल्ड सैनिकी रायफलीत हे प्रमाण ७८ इंचांत एक वेढा असे होते. मंद पिळामुळे दारूचा मोठा भार वापरता येतो, गोळीची गती वाढते आणि तिचा मार्ग जवळच्या अंतरात जवळजवळ सपाट राहतो.

त्यांच्या पसंतीची रायफल १४ बोअरच्या आसपासची होती. बोअर ही जुनी मोजणी नळीत बसणाऱ्या शिशाच्या गोल गोळ्यांच्या वजनावर आधारलेली आहे. एका पौंडात १४ गोळ्या बसतात तेव्हा ती नळी १४ बोअरची होय. अशा एका गोळीचे वजन सुमारे ३२ ग्रॅम आणि व्यास १७.६ मिलिमीटर असतो. जाड कातडीच्या व मोठ्या हाडांच्या जनावरावर गोळीची रुंदी व वजन दोन्ही उपयोगी पडतात, असे त्यांचे मत होते. याच काळात इंग्लंडमध्ये लहान बोअर, हलकी गोळी आणि मोठा भार असलेल्या 'एक्सप्रेस' रायफली पुढे येत होत्या. सपाट मार्ग हे दोन्ही पद्धतींचे समान उद्दिष्ट होते. तेथे पोहोचण्याचे मार्ग मात्र वेगळे होते.

नेम धरण्याची साधने

फॉर्सिथ यांच्या विचारात नळी, भार आणि नेम हे तिन्ही एकाच हिशेबाचे भाग होते. बंदुकीच्या टोकाशी माशी आणि मागे खाच अशी उघडी रचना तेव्हा सर्वत्र होती. दूर अंतरासाठी मागील खाचेला उचलून उभ्या करावयाच्या पट्ट्या जोडलेल्या असत. जंगलात अंतर मोजून पट्टी बदलायला वेळ मिळत नाही. म्हणून गोळीचा मार्गच इतका सपाट असावा, की नेहमीच्या शिकारीच्या अंतरात एकाच स्थिर खाचेवर भागावे, हा त्यांच्या मांडणीचा व्यावहारिक निष्कर्ष होता. नेमाचे साधन साधे, घट्ट बसवलेले आणि एकदा जुळवल्यावर न हलणारे असावे, ही अपेक्षा त्यातून निघते.

स्फोटक गोळी

फॉर्सिथ यांचे नाव एका स्फोटक शिकारी गोळीशीही जोडले गेले आहे. पोकळ शिशाच्या गोळीत आघाताने पेटणारे मिश्रण भरून ती दाबून बंद केली जाई. वाघ व अस्वल यांच्यासाठी ती काही काळ प्रचारात होती. पुढे इ.स. १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक गोळ्या युद्धात वापरण्यास बंदी घातली. शिकारीतील वापर त्यानंतरही काही वर्षे चालू राहिला आणि वेगवान व पसरणाऱ्या गोळ्या आल्यावर मागे पडला.

दुर्बिणीची जोडणी : तत्कालीन मर्यादा व पुढील विकास

रायफलीवर दुर्बीण बसवण्याची कल्पना फॉर्सिथ यांच्या काळात अपरिचित नव्हती. मुंबई लष्करात सेवा केलेले स्कॉटिश अधिकारी डेव्हिड डेव्हिडसन यांनी या विषयात दीर्घकाळ प्रयोग केले. त्यांच्या नावाची दुर्बीण १८६० च्या दशकात व्हिटवर्थ रायफलीच्या डाव्या बाजूस बसवली जाई आणि अमेरिकेतील यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांनी तिचा वापर केला. तिचे पुढील टोक एका खिळीवर फिरे आणि मागील टोक अंतराप्रमाणे वरखाली करून स्क्रूने आवळले जाई.

मोठ्या बोअरच्या शिकारी रायफलीवर मात्र अशी दुर्बीण टिकणे कठीण होते. जोरदार धक्क्याने जोड सैल पडत, नळी सरके आणि भिंगे हलत. त्या दुर्बिणींची दृष्टिकक्षा अरुंद असे व डोळा भिंगाच्या अगदी जवळ न्यावा लागे. मोठ्या धक्क्याच्या बंदुकीत ते धोक्याचे होते. शिवाय घनदाट झाडीत धावते जनावर अरुंद दृष्टिकक्षेत सापडणे अवघड असते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील भारतीय शिकारीत उघडी माशी व खाच हीच पद्धत राहिली.

विसाव्या शतकात जर्मन व ऑस्ट्रियन कारागिरांनी काढता-घालता येणाऱ्या आकड्यांच्या जोडण्या विकसित केल्या. पुढे अमेरिकेत स्वस्त दुर्बिणी आणि दोन भागांची कडी, म्हणजे रिंगा, सर्वत्र मिळू लागल्या. कड्यांच्या निवडीत आजही तेच प्रश्न महत्त्वाचे आहेत. कड्याचा आतील व्यास दुर्बिणीच्या नळीइतकाच लागतो, २५.४ आणि ३० मिलिमीटर ही प्रचलित मापे आहेत. कड्यांची उंची इतकी असावी, की पुढील भिंगाचा घेर बंदुकीच्या नळीला टेकणार नाही, आणि तरीही दुर्बीण शक्य तितकी खाली राहून गाल लाकडी दस्त्यावर टेकलेला असताना डोळा आपोआप भिंगासमोर येईल. कड्यांखालचा पाया बंदुकीच्या त्या विशिष्ट नमुन्यासाठी बनवलेला असावा लागतो. दोन्ही कडी एका सरळ रेषेत नसतील, तर दुर्बिणीची नळी पिळवटते किंवा तिच्यावर ओरखडे पडतात. डोळ्याचे अंतर आणि भिंगातील आडव्या-उभ्या रेषा जुळवून झाल्यावर कड्यांचे स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आणि निर्मात्याने दिलेल्या मर्यादेतच आवळले जातात. एकच बाजू आधी घट्ट केल्यास दुर्बीण फिरते व रेषा तिरक्या होतात.

या काटेकोरपणाचे कारण साध्या भूमितीत आहे. दोन कड्यांमधील अंतर १० सेंटिमीटर असताना मागील कडे ०.१ मिलिमीटरने सरकले, तर १०० मीटरवर नेम १० सेंटिमीटरने चुकतो. सव्वाशे-दीडशे वर्षांत भिंगे, धातू व दारू बदलली. पण नेमाचे साधन धक्क्याने हलता कामा नये, ही गरज बदललेली नाही.

गोंड, कोरकू व बैगा समाजाविषयी

'हायलँड्स' या ग्रंथातील अनेक प्रकरणे डोंगरातील जमातींविषयी आहेत. गोंडांची राज्ये, त्यांचे पडझड झालेले किल्ले, कोरकूंची वस्ती, बैगांची बेवर शेती, मोहाचा आहारातील वाटा, लग्नविधी आणि देवदेवता यांचे वर्णन त्यांनी केले आहे. कलाल व सावकार यांच्या कर्जात गोंड शेतकरी कसा अडकतो आणि सुपीक जमीन त्याच्या हातून जाऊन तो डोंगराकडे कसा ढकलला जातो, हेही त्यांनी स्पष्टपणे नोंदवले.

गोंडांचे आद्य धर्मपुरुष पहांदी पारी कुपार लिंगो यांची कथा त्यांनी इंग्रजी पद्यात आणली. या कथेचे मूळ संकलन नागपूरचे मिशनरी व अभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांचे होते. हिस्लॉप यांचा सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटजवळ नदीत बुडून मृत्यू झाला. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून इ.स. १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. फॉर्सिथ यांनी त्यांतील कथा संक्षिप्त करून अमेरिकन कवी लाँगफेलो यांच्या 'हायवाथा' या काव्याच्या छंदात मांडली. त्यामुळे ती इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचली. मात्र गोंड समाजात लिंगोची कथा ही धार्मिक परंपरा आहे, आणि फॉर्सिथ यांची पद्यरचना तिचे स्वैर रूपांतर आहे.

ग्रंथातील भाषा त्या काळातील साम्राज्यवादी दृष्टिकोनाची आहे. जमातींना मागास मानणे, वंशाच्या आधारे स्वभावाचे निष्कर्ष काढणे आणि माग काढणाऱ्यांचे ज्ञान वापरूनही त्यांना दुय्यम स्थान देणे, हे दोष तीत आढळतात. आजचे अभ्यासक हा ग्रंथ वापरताना प्रत्यक्ष पाहिलेली माहिती आणि लेखकाची मते यांत फरक करतात.

वनधोरणातील सहभाग

नव्या वनविभागाने साग, साल, बिजा, शिसव यांसारख्या मौल्यवान झाडांच्या तोडीवर निर्बंध घातले आणि निवडक वने राखीव ठेवण्यास सुरुवात केली. इ.स. १८६५ च्या वन कायद्याने सरकारी वनांसंबंधी नियम करण्याचा अधिकार दिला, इ.स. १८७८ च्या कायद्याने राखीव व संरक्षित अशी वर्गवारी पक्की केली.

फॉर्सिथ हे फिरत्या शेतीचे कठोर टीकाकार होते. डोंगरउतारावरील झाडे तोडून, वाळवून, जाळून राखेत बी टाकण्याच्या या पद्धतीला त्यांच्या लेखनात 'दह्या' असे नाव येते. तिच्यामुळे मोठी वने नष्ट झाली, असे त्यांचे मत होते. त्याच वेळी रेल्वे ठेकेदारांनी केलेल्या नासाडीवरही त्यांनी टीका केली. प्रत्यक्ष अंमलबजावणीत मात्र निर्बंधांचा भार मुख्यतः डोंगरावरील शेतकऱ्यांवर पडला. बैगांची बेवर शेती टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली आणि इ.स. १८९० मध्ये त्यांच्यासाठी 'बैगा चक' हा मर्यादित प्रदेश राखून ठेवण्यात आला. या बंदीने बैगांच्या जीवनावर झालेला आघात व्हेरियर एल्विन यांनी इ.स. १९३९ मधील आपल्या ग्रंथात मांडला.

निमाड

वनविभागानंतर फॉर्सिथ यांची निमाड जिल्ह्यात जमाबंदी अधिकारी व उपायुक्त म्हणून नेमणूक झाली. खानदेश व वऱ्हाड यांना लागून असलेल्या या जिल्ह्यात बुऱ्हाणपूर व असीरगड ही ऐतिहासिक ठिकाणे येतात. युद्धे व पेंढाऱ्यांच्या धाडी यांमुळे तेथील अनेक गावे ओसाड झाली होती. फॉर्सिथ यांनी तयार केलेल्या जमाबंदी अहवालात महसुलाबरोबरच जिल्ह्याचा इतिहास, शेती व लोकसमूह यांची माहिती आहे.

मृत्यू आणि ग्रंथप्रकाशन

फॉर्सिथ इंग्लंडला परतले व १ मे १८७१ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांनी वयाची पस्तिशीही गाठलेली नव्हती. 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हा ग्रंथ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चॅपमन अँड हॉल या संस्थेने प्रकाशित केला. त्याच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. रॉबर्ट स्टर्नडेल यांचे सिवनीवरील पुस्तक इ.स. १८७७ मध्ये आले. रुडयार्ड किपलिंग यांचे 'द जंगल बुक' इ.स. १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. मध्य भारताच्या जंगलाचे जे चित्र इंग्रजी साहित्यात रूढ झाले, त्याच्या आरंभीच्या ग्रंथांत फॉर्सिथ यांच्या ग्रंथाची गणना होते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात

मध्य प्रांताच्या दक्षिण टोकाला असलेल्या चांदा जिल्ह्यात अहेरी व आलापल्लीची सागवने, वैनगंगा, प्राणहिता व इंद्रावती यांची खोरी आणि गोंड व माडिया यांची वस्ती होती. सातपुड्यात वापरलेली राखीव वनांची चौकट येथेही आली. लाकूड, बांबू, चराई व फिरती शेती यांवरील गावांचे परंपरागत हक्क त्यामुळे आक्रसले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याचा बहुतांश भाग आजही वनाच्छादित आहे.

वनहक्क कायदा, २००६ नुसार गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला इ.स. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि इ.स. २०११ मध्ये ग्रामसभेला बांबू विक्रीसाठी वाहतूक परवाने देण्याचा अधिकार मिळाला. १८६० च्या दशकात गावांपासून दूर गेलेला अधिकार परत येण्याचे हे देशातील एक आरंभीचे उदाहरण मानले जाते.

शिकारीच्या बाबतीतही परिस्थिती पूर्णपणे बदलली आहे. ताडोबा येथे इ.स. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि इ.स. १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. त्याचे मोहर्ली प्रवेशद्वार भद्रावती तालुक्यात आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये वाघ, गवा, रानम्हैस यांची शिकार हा गुन्हा आहे. या भागात वनविभागाचे पशुवैद्यक गावालगत आलेल्या वाघाला पकडण्यासाठी बेशुद्धीच्या औषधाची सुई झाडणारी बंदूक वापरतात. भद्रावती येथे दारूगोळा बनवणारा चांदा आयुध निर्माणी हा केंद्र सरकारचा कारखाना आहे. तेथील उत्पादन संरक्षण दलांसाठी असते.

मूल्यमापन

फॉर्सिथ यांच्या दोन्ही ग्रंथांत निरीक्षणाची एकच शिस्त दिसते. रायफलीच्या बाबतीत त्यांनी प्रचलित समजुती न स्वीकारता पीळ, भार आणि गोळीचा मार्ग यांचा परस्परसंबंध तपासला. वनांच्या बाबतीत त्यांनी झाडे, प्राणी व भूभाग यांचा संबंध मांडला. ठासणीच्या रायफली शिकारीतून केव्हाच बाद झाल्या. तरी हौशी नेमबाज व बंदूक कारागीर गोल गोळीसाठी मंद पिळाची नळी बनवताना आजही त्यांच्या मांडणीचा आधार घेतात.

त्यांच्या वनविषयक कार्याचे मूल्यमापन अधिक गुंतागुंतीचे आहे. अनिर्बंध तोडीपासून काही वने वाचली, यात वनविभागाच्या पहिल्या पिढीचा वाटा आहे. परंतु वनात राहणाऱ्या लोकांचे हक्क बाजूला ठेवून वनरक्षण करण्याची जी पद्धत तेव्हा रूढ झाली, तिचे परिणाम चंद्रपूर व गडचिरोलीसह संपूर्ण मध्य भारतात पुढील शतकभर जाणवले. सावकारी पाश व जमिनीची हानी यांविषयी खुद्द फॉर्सिथ यांनी केलेल्या नोंदी या इतिहासाच्या अभ्यासासाठी आजही उपयुक्त आहेत.